पडवीचे दार : चोराला अडवील, आगीलाही थोपवील



घर बांधताना पुढच्या दाराचा विचार सारे कुटुंब करते. लाकूड कोणते, नक्षी कशी, रंग कोणता, यावर चार दिवस बोलणे चालते. पण पडवीतून माजघरात येणाऱ्या दाराला मात्र उरल्यासुरल्या फळ्या लागतात. खरा धोका असतो तो याच दाराशी.

आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या पडवीत आज काय काय असते ते आठवून पाहा. पूर्वी तिथे बैल आणि नांगर असत. आता मोटारसायकल, पॉवर टिलर, डिझेलचा कॅन, फवारणीची औषधे, रिकामी पोती आणि वर माळ्यावर भाताचा पेंढा. कोणाकडे चार्जिंगला लावलेली विजेची स्कूटर. पेटणारे आणि पेटवणारे, दोन्ही एकाच छपराखाली आले आहे.

काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या एका घरी, आग लागून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो. राब भाजण्याचे दिवस होते. वाऱ्याने ठिणगी आली आणि पडवीतला पेंढा धरला. घरची मोठी माणसे शेतावर. माजघरात आजी आणि दोन नातवंडे झोपलेली. कोंबड्या आत येतात म्हणून आजीने पडवीचे दार लोटून कडी घातली होती. ते दार आजोबांच्या वेळचे, जाड सागवानी फळ्यांचे. धुराच्या वासाने आजीला जाग आली तोवर दाराची बाहेरची बाजू कोळसा झाली होती, आतली मात्र शाबूत होती. तेवढ्या वेळात ती मुलांना घेऊन मागच्या दाराने निघाली. पडवी गेली, मोटारसायकल गेली, माणसे राहिली.

जाड लाकूड आगीत टिकते याचे कारण सोपे आहे. पेटल्यावर वर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाला उष्णतेपासून जपतो. लाकूड साधारण मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास जळत जाते. म्हणून दाराची फळी निदान दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर जाडीची घ्यावी. अमेरिकेत घराला लागून मोटारीची खोली असली तर मधले दार निदान 35 मिलिमीटर भरीव लाकडाचे किंवा 20 मिनिटे आगीला टिकणारे असावे, असा बांधकामाचा नमुना नियम आहे. ही वीस मिनिटे घर वाचवण्यासाठी नसून माणसे बाहेर काढण्यासाठी आहेत.

बाजारात दार घेताना बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ते दार या जागी नको. फ्लश दार घ्यायचे तर भरीव गाभ्याचे, आय. एस. 2202 चा शिक्का असलेले घ्या. नक्षीच्या दारात मधले तावदान पातळ असते, आग तिथूनच आत येते. प्लॅस्टिकचे दार पाण्याला चांगले, न्हाणीघराला ठीक. आगीत ते वितळते आणि विषारी धूर सोडते. नुसत्या पत्र्याचे दार चोराला भारी वाटते, पण तापून लाल झाले की पलीकडचे अंथरूण पेटवते. जाड फळ्यांवर पडवीच्या बाजूने पत्रा मढवला तर दोन्ही कामे होतात.

मात्र दार चांगले आणि भिंत कुडाची, हा व्यवहार तोट्याचा. निदान पडवीलगतची भिंत विटांची करा आणि ती थेट छपरापर्यंत न्या. आपल्याकडे ही भिंत पुष्कळदा माळ्यापाशी थांबते. मग आग दाराला हात न लावता वरून माजघरात उतरते.

उंबरठा पडवीच्या जमिनीपेक्षा चार इंच तरी उंच ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत पोचते. दाराची फटही बारीक हवी. पावसात पडवी बंद करून टिलर किंवा जनरेटर चालू करू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि तो झोपेतल्या माणसाला उठू देत नाही.

आता चोराचे पाहू. चौकट लोखंडी होल्डफास्टने भिंतीत बसवा. कोयंडा स्क्रूने न लावता आरपार बोल्टने लावा. आतून भक्कम अडसर ठेवा, पण किल्लीचे कुलूप आतून नको. अंधारात, धुरात किल्ली सापडत नाही. मागच्या दाराचेही तेच. तिथे सरपणाची मोळी लावून ठेवाल तर बाहेर कुठून पडाल?

शेवटची गोष्ट माझ्याच घरची. मी लोकांना हे सांगत गावोगाव फिरत होतो आणि माझ्या घरी हेच दार दिवसभर दगड लावून उघडे असे. ये-जा सोपी पडते म्हणून. आजीच्या घरून परतलो त्या दिवशी तो दगड उचलला आणि दाराला स्प्रिंगची बिजागरी बसवली. आता ते आपोआप मिटते.

राब भाजायला घेण्याआधी एक सकाळ मोकळी काढा. पेंढा पडवीतून हलवून घरापासून दूर उडवी रचा. डिझेल वेगळ्या खोपीत ठेवा. स्कूटर रात्री झोपेत असताना चार्जिंगला लावू नका. मग दार बंद करून आतून नीट पाहा. पलीकडचा उजेड जिथून दिसेल, तिथून धूरही येईल. ती फट आधी बुजवा.