शरीराचा निरोप

सुपा हे गाव पुणे-अहिल्यानगर मार्गावर, पारनेर तालुक्याच्या पठारी भागात वसलेले आहे. पौषातील थंडी आणि चैत्र-वैशाखातील कोरडे ऊन ही दोन्ही तेथील मुलांच्या अंगवळणी पडलेली असतात. ह्या गावच्या शाळेत सातवीत शिकणारा एक मुलगा कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. मधल्या सुट्टीपूर्वीच तो तिसऱ्यांदा हात वर करून लघवीस जाण्याची परवानगी मागतो. वर्गात खसखस पिकते. मुलगा ओशाळतो आणि मनाशी बेत करतो, की उद्यापासून पाणीच प्यायचे नाही, म्हणजे हा उपद्रव आपोआप थांबेल.

बेत सरळ दिसतो. पण तो घातक आहे. तो तसा का, हे समजण्यासाठी लघवी कशी तयार होते ते पाहिले पाहिजे.

कमरेच्या थोडे वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस घेवड्याच्या बीसारख्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. रक्त त्यांतून अखंड गाळले जाते. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव असा गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पाणी व उपयुक्त द्रव्ये शरीर परत घेते आणि सुमारे दीड लिटर तेवढे लघवीच्या रूपाने बाहेर पडते. ही लघवी मूत्राशयाच्या पिशवीत साठते व पिशवी भरत आली, की जाण्याची भावना होते. दिवसातून चारपासून आठ वेळा जावे लागणे, ह्यात वावगे काही नाही. उन्हाळ्यात पुष्कळसे पाणी घामावाटे जाते; थंडीत घाम नसल्यामुळे तेच मूत्रपिंडांकडे वळते. म्हणून पौषातल्या फेऱ्या वाढल्या, तर त्यात आजार शोधू नये. परीक्षेच्या दिवशी वाढणाऱ्या फेऱ्यांचेही तसेच. पेपर संपला, की त्या थांबतात.

ऋतू पालटला, परीक्षा संपली, तरी फेऱ्या थांबत नाहीत, तेव्हा एक गोष्ट बारकाईने पाहावी. लघवी वारंवार पण थोडीथोडी होते, की वारंवार आणि दर वेळी भरपूर होते? ह्या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

थोडीथोडी होत असेल आणि जळजळ, ओटीपोटात दुखणे, दुर्गंधी किंवा ताप ही लक्षणे असतील, तर मूत्रमार्गात जंतूंचा शिरकाव झाल्याचा संभव असतो. मुलींमध्ये मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे हा विकार अधिक आढळतो. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ म्हणून अनेक मुली दिवसभर पाणी पीत नाहीत व लघवी दाबून ठेवतात. दोष त्यांचा नव्हे, स्वच्छतागृहाचा आहे. परंतु त्रास मात्र त्यांनाच भोगावा लागतो. पाणी कमी पडले, की लघवी दाट होते आणि मूतखडा होण्याची भीतीही वाढते. आणखी एक कारण कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. ते म्हणजे बद्धकोष्ठ! साठलेल्या मळाचा भार शेजारच्या मूत्राशयावर पडतो.

दर वेळी भरपूर लघवी होते, रात्री चार-चार वेळा उठावे लागते, तहान भागता भागत नाही, जेवण असूनही अंग वाळत जाते, अशी लक्षणे एकत्र दिसली, तर मधुमेहाची शंका तत्काळ घ्यावी. ह्यात रक्तातील साखर वाढते. ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि जाताना पाणीही ओढून नेते. अशा रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेच्या काळीही ठाऊक होते. मुलांना बहुधा होणारा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. स्वादुपिंडात इन्शुलिन नावाचा जो रस तयार होतो, तो तयार करणाऱ्या पेशींचाच नाश झाल्यामुळे तो होतो. येथे पाणी तोडणे म्हणजे आधीच कोरड्या पडलेल्या विहिरीवर मोट चालविण्यासारखे आहे.

इन्शुलिन हाती येण्यापूर्वी ह्या आजारावर उपाय नव्हता. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन मिळविले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या, अस्थिपंजर झालेल्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पहिले औषध पुरेसे शुद्ध नव्हते व त्याचा फारसा गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप ह्यांनी ते शुद्ध केले आणि २३ जानेवारीपासून मुलगा सुधारू लागला. तो पुढे तेरा वर्षे जगला.

आज शंका फेडण्यास बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब आणि बाटलीभर लघवी पुरते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. किती वेळा जावे लागते, किती दिवसांपासून, रात्री उठावे लागते काय, जळजळ होते काय, एवढे डॉक्टरांस न लाजता सांगावे. मात्र उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास व गुंगी ही लक्षणे दिसली, तर उद्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावून त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. लघवीत रक्त दिसले, पाठीत कळा आल्या किंवा थंडी वाजून ताप भरला, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

सुप्याच्या त्या मुलाने कोणास काही सांगितले नव्हते; पण आजीच्या नजरेतून ते सुटले नाही. नातू रात्री तांब्याच्या तांब्या रिकामा करतो आणि दिवाळीचा सदरा त्याच्या अंगावर लोंबतो, हे तिने पाहिले व त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेले. निदान मधुमेहाचे झाले. जिल्ह्याच्या रुग्णालयात काही दिवस राहून तो परतला. आता इन्शुलिनची सुई तो आपल्या हाताने टोचून घेतो. उन्हाळ्यात त्याची कुपी ओल्या मातीच्या मडक्यात थंड राहते, कारण घरी फ्रीज नाही. वर्गशिक्षकांना सर्व ठाऊक आहे. बाहेर जायचे झाले, तर तो अजूनही हात वर करतो, आणि त्याची पाण्याची बाटली बाकावर सर्वांदेखत उभी असते.