विश्लेषण : जिवावर बेतणारा ‘फुगु’ मासा जपानी लोक आवडीने का खातात? तो खाऊन नेमके मरते कोण?

जगभरातील चित्रविचित्र खाद्यपदार्थांची यादी निघाली की जपानच्या ‘फुगु’चे नाव हमखास येते. यकृतात आणि अंडाशयात जीवघेणे विष बाळगणारा हा मासा जपानमध्ये महागड्या मेजवानीचा भाग आहे. ‘एक घास चुकला की मृत्यू’ अशा थाटात त्याच्या चित्रफिती फिरतात. प्रत्यक्षात परवानाधारक उपाहारगृहात बसलेल्या ग्राहकाला फारसा धोका नसतो. धोका असतो तो वेगळ्याच लोकांना.

फुगु म्हणजे कोणता मासा?

संकट दिसताच पाणी पिऊन चेंडूसारखा फुगणारा हा मासा. कोकणातील मच्छीमार त्याच्या भाईबंदांना ‘केंड’ म्हणतात आणि त्यांच्या नावाने बोटे मोडतात. पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी केंड जाळी कुरतडतो आणि आत अडकलेली मासळीही फस्त करतो. आपल्याकडे जो मासा जाळ्यातून काढून फेकला जातो, त्याच कुळातील ‘तोराफुगु’ या जातीला जपानमध्ये हिवाळ्यात सर्वाधिक भाव मिळतो. शिमोनोसेकी शहरातील हाएदोमारी बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील पारंपरिक लिलावात खरेदीदार कापडी बाहीत हात घालून, बोटांच्या खुणांनी भाव सांगतो. रुमालाखाली बोटे धरून ठरणारे सौदे पाहिलेल्यांना हा प्रकार मुळीच परका वाटणार नाही.

विष शरीरात काय करते?

या विषाचे नाव टेट्रोडोटॉक्सिन. १९०९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ योशिझुमी ताहारा यांनी त्याला हे नाव दिले. मज्जातंतूंतून संदेश पुढे जाण्यासाठी सोडियमचे कण पेशींत शिरावे लागतात. हे विष नेमके ते दारच बंद करते. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. यातील भयंकर भाग असा, की रुग्ण बराच काळ शुद्धीवर असतो. त्याला आजूबाजूचे सारे कळते, पण बोलता येत नाही. या विषावर उतारा नाही. कृत्रिम श्वसनावर ठेवून विष शरीराबाहेर जाण्याची वाट पाहणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. पहिला दिवस निभावला तर रुग्ण बहुधा वाचतो. शिजवून, तळून किंवा गोठवून हे विष नष्ट होत नाही.

फुगु खाताना जिभेला हलक्या मुंग्या येण्यातच खरी मजा, असे बरेचदा लिहिले जाते. पण मुंग्या हे विषबाधेचेच लक्षण आहे. चांगला आचारी ते ताटात येऊ देत नाही.

बंदी होती, ती का उठली?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियावरील स्वारीसाठी जमलेले सैनिक फुगु खाऊन मरू लागले, तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी याने त्यावर बंदी घातली. पुढेही बंदी वेगवेगळ्या रूपांत टिकली आणि लोक चोरून खात राहिले. ओसाकात फुगुला ‘तेप्पो’, म्हणजे बंदूक, असे टोपणनाव पडले. लागली तर माणूस गेलाच. बंदी उठली ती १८८८ मध्ये, यामागुची प्रांतापुरती. जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी शिमोनोसेकीच्या एका उपाहारगृहात उतरले असता समुद्र खवळलेला होता आणि दुसरा मासा नव्हता. मालकिणीने शिक्षेची तयारी ठेवून फुगु वाढला आणि तो इतोंना आवडला, अशी कथा सांगितली जाते. त्याच उपाहारगृहात १८९५ मध्ये चीन-जपान युद्धाचा तह झाला.

परवाना म्हणजे नेमके काय?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात फुगुने बरेच बळी घेतले आणि प्रांतांनी परवान्याचे नियम कडक केले. परीक्षेत लेखी भाग असतो, जाती ओळखाव्या लागतात आणि ठरावीक वेळेत मासा साफ करून विषारी व खाण्याजोगे अवयव वेगळे करून दाखवावे लागतात. काढलेले विषारी अवयव कुलूपबंद डब्यात ठेवून नष्ट केले जातात.

तरीही एक मृत्यू जपान विसरलेला नाही. जानेवारी १९७५ मध्ये काबुकी रंगभूमीचे नामवंत नट बांदो मित्सुगोरो (आठवे) यांनी क्योतोतील उपाहारगृहात फुगुचे यकृत मागवले. एक नव्हे, चार जणांच्या वाटचे खाल्ले. आपल्याला विष बाधत नाही, अशी त्यांची खात्री होती. आचाऱ्याला अशा ग्राहकापुढे नकार देता आला नाही. काही तासांत त्यांचा मृत्यू झाला. १९८४ मध्ये यकृताच्या विक्रीवर देशभर बंदी आली. या प्रकरणात कौशल्य कमी पडले नव्हते. कमी पडले ते ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य.

मग आज बळी कोण पडते?

जपानमध्ये अजूनही दरवर्षी काही डझन लोकांना विषबाधा होते, मृत्यू मात्र एखाद-दुसराच. यातील बहुतेक जण हौसेने मासा पकडून घरीच कापणारे असतात. २०१८ मध्ये आइची प्रांतातील गामागोरी शहरात एका दुकानातून यकृतासह पाच पाकिटे विकली गेली, तेव्हा आपत्कालीन ध्वनिक्षेपकांवरून ‘फुगु खाऊ नका’ अशी घोषणा करावी लागली. बांगलादेशातील चित्र अधिक विदारक आहे. तेथे २००८ मध्ये स्वस्तात मिळालेला हा मासा खाऊन अनेक गरीब कुटुंबांना विषबाधा झाली, काहींचे प्राण गेले. त्यांना कसलेही साहस करायचे नव्हते. त्या दिवशी परवडला तो मासा त्यांनी शिजवला होता.

बिनविषारी फुगु शक्य आहे?

शक्य आहे आणि वादाचे मूळ तेच आहे. मासा हे विष स्वतः तयार करत नाही. ते जिवाणूंपासून तारामासे, गोगलगायी अशा भक्ष्यांतून त्याच्या शरीरात साठते. नियंत्रित खाद्यावर वाढवलेल्या फुगुत ते आढळत नाही. म्हणून शेतीतील फुगुचे यकृत विकू द्यावे, असा प्रस्ताव सागा प्रांताने २०१६ मध्ये मांडला. सुरक्षिततेची खात्री देता येत नाही म्हणून तो फेटाळला गेला. इशिकावा प्रांतात मात्र विषारी अंडाशये मिठात आणि मग तांदळाच्या कोंड्यात, अशी मिळून दोन-तीन वर्षे मुरवून रीतसर विकली जातात. आपल्या मुरलेल्या लोणच्याचाच हा थरारक अवतार म्हणायचा. युरोपीय संघाने मात्र या कुळातील मासे बाजारात आणण्यावर सरसकट बंदी घातली आहे.

आता नवी अडचण समुद्रातूनच आली आहे. पाणी तापत असल्याने फुगुच्या जाती उत्तरेकडे सरकत असून, त्यांच्यात संकर होत आहे. कोणत्या जातीचा कोणता अवयव विषारी, हे आचारी पाठ करतो. पण दोन जातींच्या मधला मासा समोर आला तर ओळखायचे कसे? अशा माशांना हात न लावता ते बाजूला काढण्याचे आदेश आहेत आणि त्यामुळे पकडलेल्या मासळीतील काही वाटा टाकून देण्याची वेळ जपानी मच्छीमारांवर येत आहे.