पापणीआडची दृष्टी वेळीच वाचवा

काही बालकांच्या एका किंवा दोन्ही डोळ्यांची वरची पापणी जन्मतःच खाली उतरलेली असते. बाळ मोठे झाले की डोळा आपोआप उघडेल, असे समजून घरची माणसे थांबतात. काही जण हा केवळ रूपाचा प्रश्न मानतात. वस्तुतः या दोषात पापणी उचलणाऱ्या स्नायूचीच वाढ अपुरी झालेली असते. वयाबरोबर ती भरून निघत नाही.

खरा धोका दृष्टीला आहे. आयुष्याची पहिली ७-८ वर्षे मेंदू पाहावयास शिकत असतो. पापणीने बाहुली झाकली गेली, तर त्या डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट प्रतिमा मिळत नाही व तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. हे वय उलटल्यावर गेलेली दृष्टी परत मिळविणे फार कठीण असते.

शस्त्रक्रिया केव्हा व कशी?

बाहुली झाकली जात असल्यास तान्हेपणीही शस्त्रक्रिया करावी लागते. अन्यथा ती साधारणतः ३ ते ५ वर्षांच्या वयात करतात. स्नायूत पुरेशी शक्ती असल्यास तो आखूड करून पापणी उचलली जाते. शक्ती फारच कमी असल्यास पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग भुवई उंचावताच पापणी वर जाते. या जोडणीसाठी मांडीतील चिवट पडद्याची पट्टी किंवा सिलिकॉनची दोरी वापरतात. लहान मुलांवर ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. नंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहतो. म्हणून तो कोरडा पडू नये यासाठी मलम घालावे लागते. डोळा आळशी झालेला असल्यास चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर ठराविक वेळ पट्टी, हे उपचारही तितकेच आवश्यक असतात.

गावपातळीवरील जबाबदारी

हनुवटी वर करून पाहणारे किंवा सतत भुवया ताणणारे मूल शिक्षक व अंगणवाडी सेविकांच्या सहज लक्षात येऊ शकते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व दोष आढळल्यास विनामूल्य उपचारांची सोय केली जाते. तपासणीच्या दिवशी असे मूल हजर राहील आणि चिठ्ठी मिळाल्यावर ते प्रत्यक्ष रुग्णालयात पोहोचेल, एवढी काळजी पंचायत सदस्यांनी घेतली, तरी एका बालकाची दृष्टी वाचू शकेल.