टेम्पोत बसणारे विम्यात बसतात का?

१४ एप्रिलची मिरवणूक असो की धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला जाणे असो, आपल्या वस्त्यांत गाडीची सोय ठरलेली असते. कुणाचा तरी मालवाहू पिकअप, डिझेलची वर्गणी, मागे सतरंजी आणि वीस-पंचवीस माणसे. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि पुढे यवतमाळ, वर्ध्याकडे जाणारा महामार्ग ३६१ कार्यकर्त्यांच्या ओळखीचाच आहे. या रस्त्यावर गाडी उलटली तर भरपाई कोण देणार, हे मात्र निघताना कुणी विचारत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला किंवा कुणी जखमी झाले, तर त्याची भरपाई हा विमा देतो. परदेशात लोक घर, कुत्रा, व्यवसाय अशा सगळ्यांसाठी दायित्वाचा विमा काढतात. आपल्याकडे सामान्य माणसावर लाखोंचा दावा येतो तो बहुतेक गाडीमुळेच.

दावा किती मोठा असतो? समजा, २८ वर्षांचा मजूर गेला. कमाई महिना १२,००० आणि मागे चार अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) निकालांप्रमाणे वर्षाच्या १,४४,००० मध्ये भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरायचे, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा करायचा आणि १७ ने गुणायचे. २५,७०,४०० होतात. अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज वेगळे. विमा नसेल तर हे सगळे मालक आणि चालकाच्या अंगावर येते. भरले नाही, तर कलम १७४ खाली जिल्हाधिकारी ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करू शकतात. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता पिकअपचे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्येच सांगितले आहे. म्हणजे गाडीचा विमा चालू असूनही मागे बसलेल्या पंचवीस जणांसाठी तो नसल्यातच जमा. समाजाचे काम म्हणून गाडी देणारा भाऊच कर्जात बुडतो आणि जखमींच्या हाती काही लागत नाही, कारण त्याच्याकडे द्यायलाच नसते. डीजेला हजारो रुपये देणाऱ्या मंडळांनी प्रवासी परवान्याची गाडी करावी, पॉलिसीची झेरॉक्स आधी मागून घ्यावी. त्यात कंजुषी नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुचाकीचे दुखणे वेगळे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेला मित्र त्यात येत नाही, त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच मिळतो. त्यामुळे २०१९ ला घेतलेल्या कितीतरी गाड्यांचा विमा केव्हाच संपला आणि मालकाला पत्ताही नाही. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला २०२२ च्या दराने तो वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे. विना विमा सापडलात तर पहिला दंडच २,००० आहे. लायसन्स नसलेल्या पोराच्या हाती गाडी दिली, तर कंपनी आधी मृताच्या घरच्यांना पैसे देते आणि नंतर तेच मालकाकडून वसूल करू शकते.

आणि गाडी विकली म्हणजे सुटलो, असेही नाही. टीटी फॉर्मवर सही करून एमएच २४ ची गाडी नांदेडला दिली, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर अपघाताच्या दिवशी कागदावर ज्याचे नाव तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात हेच सांगितले. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा, विकलेली गाडी अजून कुणाच्या नावावर आहे.