साखरेची चव नसलेल्या जिभेसाठी केक

मैदा, साखर, लोणी, अंडे आणि पीठ फुगवणारी पावडर या पाच घटकांवर नेहमीचा केक उभा राहतो, आणि त्यांपैकी अंडे सोडले तर एकही घटक मांजराच्या स्वाभाविक आहारात येत नाही. पाळीव मांजराचा वाढदिवस घरच्या केकने साजरा करू पाहणाऱ्या कुटुंबाने पहिला विचार करायचा तो याच विसंगतीचा. कारण केकचा आकार, त्याचे कापणे आणि भोवती जमलेली माणसे हा सगळा सोहळा माणसाचा असला, तरी बशीतला पदार्थ शेवटी एका मांसाहारी प्राण्याच्या पोटात जायचा असतो. आकार माणसांच्या हौसेचा आणि ऐवज मांजराच्या प्रकृतीचा, अशी वाटणी केली तर हा केक करणे अवघड नाही, आणि त्यासाठी ओव्हनचीही गरज पडत नाही.

भिलाईसारख्या शहरात या हौसेला जागा मिळणे स्वाभाविक आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याबरोबर सेक्टरांत विभागलेली एक वसाहत आकाराला आली, जिच्या क्वार्टरांभोवतीची झाडे, अंगणे आणि परसबागा मांजरांना मानवणाऱ्या आहेत. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कामासाठी आलेल्या माणसांच्या या गावात मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांना हा मुलूख परका नव्हता. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत होता. विदर्भातला पोळा छत्तीसगडातही साजरा होतो, आणि बैलाला गोडाचा घास भरवून त्याचा मान करण्याची रीत दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक आहे. जनावराला आपल्या सणात सामील करून घ्यायचे ते आपल्या ताटातले देऊन, ही भावना त्यामागे आहे, आणि ती मोलाची आहे. मात्र बैल हा शाकाहारी प्राणी असल्याने त्याला गोड चव कळते आणि धान्याचा मोजका घास पचतोही. त्याच प्रेमाने खुरमी या गोड पदार्थाचा किंवा पुरणपोळीचा तुकडा मांजरापुढे ठेवला, तर देणाऱ्याचे समाधान होते आणि घेणाऱ्याला त्यातले काहीच उमगत नाही.

हे न उमगणे शब्दशः खरे आहे. सस्तन प्राण्यांच्या जिभेवर गोड चव ओळखणारी जी ग्राही यंत्रणा असते, म्हणजे विशिष्ट रेणू चिकटताच मेंदूकडे संदेश धाडणारी पेशीवरील रचना, ती दोन प्रथिनांच्या जोडीने बनते. फिलाडेल्फियातील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले की या जोडीतील एका प्रथिनाचा आराखडा ज्या जनुकात असतो, त्यातली २४७ अक्षरे मांजराच्या बाबतीत गळून गेलेली आहेत. जनुक मोडल्यामुळे प्रथिन तयार होत नाही आणि जोडी जुळत नाही. हीच मोडतोड त्यांना वाघ आणि चित्ता यांच्यातही आढळली. तेव्हा मैत्रीबागेत, म्हणजे भारत–सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून कारखान्याने १९७२ साली उभारलेल्या प्राणिसंग्रहालयात, पांढरा वाघ पाहून घरी परतणाऱ्या मुलाला त्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसलेले मांजर त्या वाघाचेच जिव्हाबंधू आहे असे सांगता येईल. एखादे मांजर आइस्क्रीम किंवा केकवरची साय आवडीने चाटते ते त्यातल्या स्निग्धांशासाठी आणि दुधाच्या वासासाठी. उलट मांसाच्या रश्शात जाणवणारी, उमामी या नावाने ओळखली जाणारी चव मांजराला उत्तम कळते, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. मांजरासाठी केक ‘गोड’ करायचा असेल, तर त्याचा गोडवा मांसातून आणि माशातून आला पाहिजे.

जिभेइतकेच पचनसंस्थेचेही आहे. मांजराच्या लाळेत पिष्ट पदार्थ फोडणारे विकर, म्हणजे पचनक्रिया घडवून आणणारे रसायन, नसतेच म्हटले तरी चालेल, आणि स्वादुपिंडातूनही ते बेताचेच मिळते. म्हणून मैद्याचा किंवा रव्याचा केक त्याच्यासाठी केवळ भर ठरतो. दुधाची गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे, कारण मराठी घरात मांजर म्हटले की डोळे मिटून दूध पिणारे मांजरच आठवते. पिल्लू आईचे दूध सोडते तसे दुधातली शर्करा पचवणारे विकर बहुतेक मांजरांत कमी होत जाते, आणि मग गाईम्हशीचे दूध, खवा किंवा क्रीम पोटात गेल्यावर अनेकांना जुलाब होतात. ज्यांना दूध सोसते अशी मांजरेही असतात. परंतु वाढदिवशी एकदम वाटीभर क्रीम देऊन ती परीक्षा घेऊ नये.

याहून गंभीर प्रश्न टॉरिनचा आहे. टॉरिन हे अमिनो आम्लांच्या कुळातले गंधकयुक्त द्रव्य प्राण्यांच्या स्नायूंत, हृदयात आणि माशांत भरपूर असते, वनस्पतींत जवळजवळ नसते. माणसाचे शरीर ते स्वतः तयार करू शकते. मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही, शिवाय पित्तरसासाठी ते सतत खर्च करते. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजते हे १९७५ साली सिद्ध झाले, आणि हृदयाचे स्नायू सैल पडून ते फुगण्याचा जीवघेणा विकारही त्याच अभावातून होतो हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले. त्यानंतर तयार खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. केवळ दूधभातावर किंवा दूधपोळीवर ठेवलेले मांजर जगते ते बहुधा बाहेर उंदीर, पाली आणि पाखरे मारून आपली तूट भरून काढते म्हणून. दारे-खिडक्यांना जाळी लावून घरातच ठेवलेल्या मांजराला ती सोय नसते.

स्वयंपाकघरात मांस शिजत नाही अशा घरांनी याचा विचार विशेष काळजीने करायला हवा. अंडे हा त्यांना जवळचा वाटणारा मध्यममार्ग आहे, आणि एका दिवसाच्या केकपुरता तो पुरेसा आहे. अंड्यात उत्तम प्रथिने असतात, परंतु टॉरिन नाममात्रच असते, त्यामुळे रोजच्या आहाराची जागा अंडे घेऊ शकत नाही. अशा घरासाठी सर्वांत सरळ उपाय म्हणजे पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असा निर्देश असलेले मांजरांचे ओले तयार खाद्य आणून ते एका लहान वाटीत दाबून बसवणे, वाटी बशीवर उपडी करणे आणि वर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक किसून भुरभुरणे. यात मांस शिजवावे लागत नाही, घराचा नेम मोडत नाही आणि मांजराचाही मोडत नाही.

ज्यांना केक स्वतः शिजवायचा आहे, त्यांनी आधी काय घालायचे नाही ते पक्के करावे, आणि त्या यादीत कांदा व लसूण अग्रभागी येतात, कारण भारतीय स्वयंपाकात ते नकळत सगळीकडे असतात. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या रेणूवर सहज भाजल्या जाणाऱ्या, म्हणजे रासायनिक अर्थाने प्राणवायूच्या माऱ्याला बळी पडणाऱ्या, गंधकयुक्त जागा असतात. माणसात त्या दोन, तर मांजरात आठ. कांदा-लसणातील द्रव्ये या जागांवर हल्ला करतात, तांबड्या पेशी फुटू लागतात आणि मांजराला पांडुरोग, म्हणजे रक्तक्षय, होतो. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा धोका जात नाही, आणि लक्षणे दिसायला काही दिवसही लागू शकतात. म्हणूनच घरच्या चिकनच्या रश्श्यातला तुकडा धुऊन मांजराला देणे, ही अगदी सर्वत्र आढळणारी सवय, सोडून देण्यासारखी आहे. चॉकलेटमधील थिओब्रोमीन आणि कॅफीन ही उत्तेजक द्रव्ये मांजराच्या हृदयाला व मज्जासंस्थेला घातक असतात. मनुका, बेदाणे, जायफळ, खारवलेली सुकी मासळी आणि कृत्रिम गोडी आणणारे पदार्थही बाजूलाच ठेवावेत.

प्रत्यक्ष कृतीसाठी इडलीपात्र हे भिलाईतल्या बहुतेक स्वयंपाकघरांत सापडणारे उत्तम साधन आहे, कारण त्यात आकारही मिळतो आणि वाफेवर शिजल्याने ओलावाही टिकतो. सुपेला किंवा पॉवर हाऊसच्या बाजारातून आणलेले हाडविरहित कोंबडीचे १०० ग्रॅम मांस बारीक वाटून घ्यावे, त्यात एक अंडे फेटून घालावे, उकडून कुस्करलेला लाल भोपळा चमचाभर आणि पाणी दोन चमचे मिसळावे. मीठ, हळद, तिखट, मसाला, साखर यांतले काहीही घालू नये. भोपळा येथे चोथ्यासाठी आणि मऊपणासाठी आहे, पोषणासाठी नाही, कारण त्याच्या केशरी रंगातून माणसाचे शरीर जसे अ जीवनसत्त्व बनवते तसे मांजराला बनवता येत नाही, ते त्याला यकृतासारख्या प्राणिज पदार्थांतून आयतेच मिळावे लागते. साच्याला तुपाचा हात पुसून मिश्रण चार खळग्यांत भरावे आणि शिट्टी न लावता पंधरा ते वीस मिनिटे वाफवावे. मधोमध सुरी खुपसून पाहिल्यावर गुलाबी रंग दिसता कामा नये. कच्च्या मांसातले जंतू मांजराला आणि त्याला कुशीत घेणाऱ्या मुलांनाही बाधतात, आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातील अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला जखडून ठेवते, जे शिजवल्यावर थांबते.

माशाचा केक करायचा असेल तर छत्तीसगडच्या तळ्यांतला रोहू किंवा कतला चालतो, मात्र तो कार्प कुळातला असल्याने कधीही कच्चा देऊ नये, कारण या कुळातल्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असू शकते. शिवाय त्याचे बारीक काटे बोटांनी चाचपून एकेक काढणे हे खरोखर वेळखाऊ काम आहे आणि त्यात घाई करता येत नाही. मासा किंवा मांस उकडून घेतले असेल तर ते पाणी फेकू नये. टॉरिन पाण्यात विरघळणारे असल्याने त्याचा मोठा भाग त्या पाण्यात उतरलेला असतो, आणि तेच पाणी केकवर ओतले तर चवही वाढते व मांजराच्या पोटात पाणीही जाते. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर असल्यामुळे त्याची तहान मुळातच मंद असते, आणि मे महिन्यातल्या भिलाईच्या उन्हाळ्यात असा ओला घास वाढदिवस नसतानाही उपयोगी पडतो.

आता प्रमाणाचा विचार. चार किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरी ऊर्जा लागते, आणि खाऊचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावा असा पशुवैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे खाऊ २० किलोकॅलरींच्या आसपास. वर सांगितलेल्या मिश्रणात सुमारे १९० किलोकॅलरी असतात. म्हणजे हा सगळा केक जवळजवळ एका दिवसाचे अन्न आहे, चारपैकी एक इडली हा खाऊच्या दुप्पट वाटा आहे, आणि सणाचा खाऊ म्हणून मांजराला मिळायची ती अर्धी इडली. माणसाच्या डोळ्यांना हा घास फार लहान दिसतो, आणि हात आखडता घेणे मराठी आदरातिथ्याला जड जाते. तरी लठ्ठ मांजराला मधुमेह व सांधेदुखी सहज जडते हे ध्यानात ठेवून उरलेल्या इडल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, दोन दिवसांत तुकड्यातुकड्याने संपवाव्यात किंवा गोठवाव्यात. देताना केक कोमट असावा, कारण शिकारीच्या अंगाची ऊब मांजराला अन्नाची खूण वाटते आणि उबेमुळे वासही खुलतो.

वाढदिवसाची तारीख हा अनेक घरांत खरा पेच असतो, कारण मांजर परसात किंवा जिन्याखाली सापडलेले असते. पिल्लाचे डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात, दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोकावू लागतात आणि कायमचे दात सहा महिन्यांच्या सुमारास पूर्ण होतात. या खुणांवरून पशुवैद्य जन्माचा महिना बराच अचूक सांगू शकतो. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि २०१२ साली स्थापन झालेल्या कामधेनू विद्यापीठामुळे हा परिसर या विद्येचे केंद्र बनला आहे, तेव्हा भिलाईकरांना तज्ज्ञ सल्ला दूर नाही. वाढदिवसाला वार्षिक तपासणीची, वजनाची आणि रेबीजच्या लसीची जोड दिली तर तारखा लक्षात राहतात. वृद्ध मांजरांत मूत्रपिंडे मंदावण्याचा विकार बराच आढळतो, आणि अशा मांजराला मांसाचा केक किती द्यायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सोहळ्याच्या बाबतीत औक्षणाची हौस असेल तर निरांजन दुरूनच फिरवावे आणि कपाळी कुंकू लावू नये, कारण अंगावर पडलेली प्रत्येक गोष्ट मांजर चाटून पोटात घेते आणि बाजारी कुंकवात कोणते रंग असतात याचा भरवसा नसतो. बंगालात आणि बंगाली शेजाऱ्यांच्या घरी षष्ठी या बाळांच्या रक्षणकर्त्या देवीचे वाहन मांजरच आहे, आणि मराठी घरांत सटवाईच्या रूपाने पूजली जाणारी देवी तिच्याच नात्यातली. त्या अर्थाने मांजराच्या जन्मदिवसाला मान देणे आपल्या परंपरेला अनोळखी नाही. सुवासिक मेणबत्त्या, फुग्यांच्या फिती आणि भेटवस्तूंचे दोरे मात्र खोलीबाहेर असावेत. गिळलेला दोरा आतड्यात अडकून ते चिरू शकतो. पाहुण्यांनी आणलेल्या गुच्छात लिलीची फुले असली तर तो गुच्छ घरातच आणू नये, कारण लिलीचे पान, पाकळी, परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करते.

एवढे सगळे करूनही मांजर केकला तोंड लावीलच असे नाही, कारण लहानपणी ज्या वासांशी ओळख झाली त्यांनाच ते अन्न मानते आणि अनोळखी पदार्थापासून दूर राहते. यासाठी वाढदिवसाच्या आठवडाभर आधी कोंबडीचा आणि माशाचा एकेक साधा उकडलेला तुकडा नेहमीच्या जेवणासोबत वेगवेगळ्या दिवशी ठेवून पाहावा. कोणता तुकडा संपतो, कोणता हुंगून सोडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पोट ठीक राहते की नाही, एवढ्या निरीक्षणावरून केक कशाचा करायचा ते ठरवावे.