उन्हाळी लागली, एवढंच?

औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी भाजी घेऊन बसतात. गेल्या मे महिन्यात दोन दिवस त्या दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या पदर कमरेला घट्ट आवळून. विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही ताई, उन्हाळी लागली होती. धने-जिऱ्याचं पाणी पिलं. आग कमी झाली, पण आता हितं लई ठणकतंय.” हात पाठीवर, उजव्या बरगडीच्या खाली. अंगाला चटका बसावा इतका ताप, आणि भर उन्हात बाई कुडकुडत होती!

मी काही डॉक्टर नाही, बी.ए. झालेली गृहिणी. पण बचत गट आणि आरोग्य शिबिरांच्या निमित्तानं दवाखान्यांच्या बाकांवर इतके तास काढलेत, की थंडी वाजून ताप, पाठीत एका बाजूला दुखणं आणि उलट्या हे त्रिकूट आता लांबूनही ओळखता येतं. भाजी शेजारणीवर सोपवली आणि मावशींना रिक्षात बसवलं.

मला तर वाटतं, ‘उन्हाळी’ हा शब्दच आपला घात करतो. शब्दातच ऊन, म्हणून आपण उष्णतेवर इलाज करत बसतो. वाळा झाला, सब्जा झाला. पाणी कमी पडून लघवी दाट झाली तर जळजळ होतेही, आणि दोन तांबे पाणी पोटात गेलं की ती थांबतेही. पण थांबत नसेल, सारखं सारखं जावंसं वाटत असेल, लघवी गढूळ किंवा लालसर होत असेल, तर ते बहुधा जंतूंचं काम असतं. हे जंतू बहुतेकदा आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय नावाचे. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाचा वीसच्या आसपास. म्हणजे मूत्राशयाचं दार आपल्याकडे अगदी हाकेवर. तिथे वेळीच अडवले नाहीत, तर ते मूत्रवाहिनीतून वर चढतात आणि किडनी गाठतात. मावशींचं नेमकं तेच झालं होतं.

डॉक्टरांनी औषधाआधी लघवीचा नमुना घेतला. आपण उलटं करतो, मेडिकलमधून दोन गोळ्या आणून खातो आणि मग तपासणी करतो. मग कल्चरमध्ये जंतूच नीट उगवत नाहीत, आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. हा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजानं प्रतिजैविक सुरू करतात आणि अहवाल पाहून गरज पडली तर बदलतात. मावशींच्या पोटात काही ठरत नव्हतं, म्हणून दोन दिवस शिरेतून औषध दिलं. सोनोग्राफीही केली. वाटेत खडा अडकून लघवी तुंबली असेल तर नुसत्या औषधानं भागत नाही, अडथळा मोकळा करावा लागतो. खडा नव्हता. साखर मात्र वाढलेली निघाली, आणि मावशींना त्याचा पत्ताच नव्हता! अंगदुखीवर त्या रोज घेत होत्या ती वेदनाशामक गोळीही डॉक्टरांनी बंद केली. तसल्या गोळ्यांचा किडनीवर ताण येतो.

खरी लढाई पुढेच होती. चौथ्या दिवशी ताप गेला आणि मावशींनी गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. “बरं वाटतंय की, मग कशाला?” हा कोर्स साधारण सात ते चौदा दिवसांचा असतो. तो अर्धा सोडला, तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात. रोज सकाळी भाजी घेताना मी गोळी घेतली का ते विचारायची, तेव्हा कुठे तो पुरा झाला.

घरात कुणी गरोदर असेल तर तक्रार नसतानाही लघवी तपासून घ्या. तिच्यात जंतू गुपचूप वाढतात, आणि किडनीपर्यंत गेले तर दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोका असतो. म्हाताऱ्या माणसांत तर कधीकधी तापही येत नाही, नुसता बोलण्यात घोळ होतो.

“पाणी का पीत नाही?” असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मावशी माझ्याकडे पाहून हसल्या. “पिलं की जावं लागतं. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत जायचं कुठं?” मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावानं बायकांनी याच प्रश्नावर चळवळ चालवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वरचेवर मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला दिलं. त्यांना वर्षाकाठी सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध फुकटचं, पण जायला जागा नसेल तर ते घ्यायचं कसं?

आता दुपारी दोनच्या सुमाराला मावशी आमच्याकडे येतात. बरोबर कोथिंबीरवाली आणि बांगड्यावालीही असते. सासूबाई आधी कुरकुरल्या होत्या. परवा त्याच म्हणाल्या, “अडीच वाजले, आज त्या तिघी कशा आल्या नाहीत गं?”