दीडशे लिटर पाण्याचा रविवार

सकाळी सहा

दिवाणखान्यात अजून दिवा लावलेला नाही. टँकसमोर खाली बसायचं ते मासे कुठल्या थरात आहेत हे बघायला. रात्रभर माशांनी श्वास घेतलेला असतो, मातीतल्या आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनी घेतलेला असतो, आणि वनस्पतींनीसुद्धा. प्रकाश नसल्यामुळे प्राणवायू तयार मात्र कुणीच करत नाही. म्हणून चोवीस तासांत पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो या वेळी, आणि टँकची तब्येत कळते तीही याच वेळी. झेब्रा डॅनिओ मधल्या थरात एकमेकांचा पाठलाग करत असतील, तर रात्र नीट गेली. तेच पृष्ठभागाला तोंड लावून उभे असतील तर चहा नंतर, आधी कारण शोधायचं. हनी गोरामी वर येऊन हवेचा घोट घेतो त्याची काळजी नसते. त्याच्या डोक्यात खास अवयव असतो, हवेतला प्राणवायू तो थेट घेऊ शकतो, दुपारीही असाच वर येतो. नवखी माणसं गोरामीला बघून घाबरतात आणि डॅनिओंकडे बघायचंच विसरतात.

मे महिना आहे. थर्मामीटर २९ अंश दाखवतो. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. पुणं उंचावर, त्यामुळे इथे आणखी थोडा कमी. म्हणजे उकाड्यात सगळ्या जिवांची गरज वाढते आणि नेमकी तेव्हाच पाण्याची धारणशक्ती घटते. त्यामुळे उन्हाळ्यात एअर पंप रात्रभर चालतो. तो आता बंद करते.

खिडकीतून उजेड आला की डॅनिओंचे नर माद्यांच्या मागे लागतात. त्यांची अंडी घालायची वेळ पहिल्या उजेडाची. गंगेच्या खोऱ्यातल्या या एवढ्याशा माशाचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२मध्ये केलं, आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. आईबाप स्वतःच अंडी खातात. जावा मॉसच्या दाट गुंत्यात पडलेली काही वाचतात.

सकाळी आठ

रविवार पाणी बदलायचा. टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबानं १८० लिटरच्या वर, पण माती, दगड आणि लाकूड वजा केलं की पाणी उरतं दीडशे लिटर. त्यातलं निम्मं आज बाहेर जाईल.

पाणी काढायच्या आधी छाटणी. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जावा. फिश टँकच्या दुकानात माणूस आधी मासे निवडतो, मग त्यांच्यासाठी काच, मग शोभेला दोन प्लास्टिकची झाडं. माझं आग्रहाचं सांगणं याच्या बरोबर उलट आहे: आधी वनस्पती लावा, त्या रुजू द्या, वाढू द्या, महिना-दीड महिना मासा आणूच नका. तेवढ्या काळात फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं बरंच निरुपद्रवी. पण जोमानं वाढणारी वनस्पती या साखळीची वाट बघत बसत नाही, ती अमोनिया थेट शोषते. वनस्पती वाढत असतील तर मासे आपोआप ठीक राहतात. मी माशांची निगा अशी वेगळी फारशी राखत नाही, झाडांची राखते.

लांब वाकडी कात्री आणि लांब चिमटा. मागच्या बाजूला रोटाला आहे, पृष्ठभागाला पोचून आडवी पसरायला लागलेली. पसरली की खालच्या पानांना उजेड मिळत नाही, ती गळतात, आणि उघडी पडलेली खोडं तेवढी दिसत राहतात. म्हणून अर्ध्यावर, पेराच्या जरा वर कापायची. कापल्या जागेखालून दोन फुटवे येतात. झुडूप दाट होतं ते असंच, कात्रीनं. वरचे शेंडे चिमट्यानं एकेक करून पुन्हा मातीत तिरपे खोचायचे, सरळ खोचले तर तरंगून वर येतात. व्हॅलिस्नेरियाची पानं मधूनच कापली तर कापलेलं टोक कुजत जातं. तिच्या धावत्या खोडांना फुटलेली जास्तीची पोरं तेवढी उपटायची. क्रिप्टोकोरायनीला तर हलवायचंच नाही, जागा बदलली की रागानं सगळी पानं विरघळवून टाकते. बाहेरची म्हातारी पानं बुडाशी कापली की तिचं काम झालं.

या टँकमधलं बहुतेक सगळं आपल्याच उपखंडातलं आहे, आणि ते मी मुद्दाम केलंय. रोटालाच्या कितीतरी जाती भारतातल्या. लाल पानांची रोटाला मॅक्रॅन्ड्रा दक्षिण भारतातली, जिच्यासाठी युरोप-जपानातले शौकीन जीव टाकतात. क्रिप्टोकोरायनी कोग्नाटा ही तर कोकणातच सापडणारी जात. साताऱ्याचं नाव मिरवणारी अॅपोनोजेटॉन साताऱ्याच्या पठारांवर पावसाळ्यात फुलते. सांगायचं एवढंच, की या दुर्मीळ वनस्पती जिथे आहेत तिथेच राहू द्याव्यात. ओढ्यातून, सड्यावरच्या डबक्यातून उपटून आणलेली अशी वनस्पती घरी बहुधा मरतेच, आणि तिकडे एक झुबका कमी होतो. माझ्याकडे दुकानातली, टिश्यू कल्चरच्या डबीत वाढवलेली सामान्य रोटाला आहे, आंबुली आहे, ब्राह्मी आहे. सौंदर्याला काही कमी नाही.

छाटणीची टोपली भरते. ती नाल्यात, नदीत, तळ्यात कधीच जायची नाही. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडी इथला कालवा २०२०मध्ये गुलाबी फुलांनी भरून गेला, बघायला माणसांची रीघ लागली. ती फुलं होती कॅबोम्बाची, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, टँकमध्ये लावल्या जाणाऱ्या वनस्पतीची. फोटो सुंदर होते, पण खालच्या स्थानिक वनस्पतींचा उजेड गेला तो गेलाच. तोंडानं चिकटून राहणारा सकर कॅटफिशही असाच कुणीतरी टँकमधून सोडलेला, आज देशातल्या अनेक नद्या-तळ्यांत आहे. माझी छाटणी गच्चीत कडक वाळते आणि मग खताच्या पिंपात जाते.

आता पाणी. नळीनं बादलीत, बादलीतून गॅलरीतल्या कुंड्यांना. नायट्रेट असलेलं हे पाणी मोगऱ्याला मानवतं. फिल्टरचा स्पंज पिळायचा तो याच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतला तर क्लोरिन त्यातले जिवाणू मारतं. नवं पाणी महापालिकेचं, धरणाचं, म्हणजे मऊ. बोअरचं पाणी आपल्या बेसॉल्टमधून क्षार घेऊन येतं, ते वेगळं प्रकरण. प्रत्येक बादलीत अँटिक्लोरचे थेंब, ढवळणं, आणि हातानं तापमान बघणं. ताटलीवर धार सोडून सावकाश ओतते, म्हणजे माती उडत नाही.

सकाळी दहा

टायमरवर कार्बन डायऑक्साइड सुरू होतो. दिव्याच्या दोन तास आधी, म्हणजे उजेड येईपर्यंत पाण्यात तो पुरेसा असेल. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात हा वायू लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा नसतो, शिवाय पाण्यातून तो हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट मंद पसरतो. पाण्याखालच्या झाडाची खरी उपासमार ही असते. सिलिंडर भरून मिळतो अग्निशामक यंत्रं भरणाऱ्या दुकानात. आत काचेला चिकटवलेल्या ड्रॉप चेकरमध्ये रंग बदलणारं द्रावण असतं: निळं म्हणजे कमी, हिरवं म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळं म्हणजे मासे धोक्यात. हा रंग तास-दोन तास मागे असतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही, मासेही बघावे लागतात.

मग खतं. ही मी पुण्यातल्या शेती सेवा केंद्रातून आणते: १३:०:४५ आणि ०:५२:३४. द्राक्षबागेत ठिबकमधून सोडतात तीच. पहिलं पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनोपोटॅशियम फॉस्फेट. दीडशे लिटरला एक ग्रॅम १३:०:४५ घातलं की लिटरमागे साधारण ४ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. टॉम बार या अमेरिकन अभ्यासकाची पद्धत अशी की आठवड्यातून तीनदा सढळ हातानं खत द्यायचं आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलून साठलेलं काढून टाकायचं. माझा दिवा मध्यम प्रखर, म्हणून मात्राही त्याच्याहून कमी. सूक्ष्म अन्नद्रव्यं उद्या, कारण लोह आणि फॉस्फेट एकदम घातलं तर दोघं एकमेकांना धरून खाली बसू शकतात.

दुपारी बारा

दिवा लागतो. आठ तास, त्याच्या वर नाही. जास्त उजेड दिला म्हणजे झाडं जास्त वाढतील हा समज शेवाळाच्या फायद्याचा आहे. उजेड, वायू आणि खत यांतलं जे सगळ्यात कमी तिथे झाडाची वाढ अडते, उरलेला उजेड मग शेवाळ वापरतं. काचेवर हिरवे टणक ठिपके आले की मी फॉस्फेट तपासते. काळा ब्रशसारखा झुपका लाकडाच्या कडेला दिसला की वायू रोज एकसारखा सुटतोय ना ते बघते.

माशांना खाणं. दोन मिनिटांत संपेल एवढंच.

दुपारी चार

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहाचा कप घेऊन टँकसमोरची खुर्ची धरतात ती या वेळी. "अगं, बघ, तुझी झाडं उकळायला लागली." रोटालाच्या पानांच्या कडांवर बारीक मोती जमतात, सुटतात, वर जातात, लगेच दुसरे येतात. आंबुलीच्या एका मोडक्या देठातून तर अखंड साखळी. पाण्यात आता प्राणवायू मावेल तेवढा भरला आहे, पानातून निघणारा नवा प्राणवायू विरघळायला जागा नाही, म्हणून तो बुडबुडा होतो. सकाळी सहाला जे सगळ्यात कमी होतं ते आत्ता सगळ्यात जास्त आहे.

पाणी बदलल्यावरही काचेवर, दगडांवर बुडबुडे बसतात. ते नळाच्या पाण्यातल्या हवेचे, झाडांचा त्यात काही भाग नाही. ओळखायची खूण सोपी: झाडाचे बुडबुडे पानावरून येतात आणि येत राहतात.

१७७९मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्यानं असंच केलं होतं. पानं पाण्याखाली धरली आणि बघितलं. उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात. झाड हवा शुद्ध करतं ते प्रकाशामुळे, हे त्यातून कळलं. शाळेत आम्ही हा प्रयोग हायड्रिला, नरसाळं आणि परीक्षानळी घेऊन पाच मिनिटांत उरकला आणि आकृती काढून मोकळ्या झालो. तो प्रयोग बसून बघायचा असतो. तासभर बघितलं की कुठल्या पानाला उजेड कमी पडतो, कुठल्या कोपऱ्यात वायू पोचत नाही, हे सगळं बुडबुड्यांवरून वाचता येतं. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात आज एकही मोती नाही. फिल्टरच्या नळीचं तोंड बोटभर तिकडे वळवते.

आई कोकणातल्या. आंबुलीचं पान चुरडून दिलं तेव्हा वासावरून त्यांनी लगेच ओळखलं, भातखाचरात पायाखाली असायची म्हणाल्या.

पाणी या वेळी ३० अंशांना टेकतं. छोटा पंखा पृष्ठभागावर वारा घालतो, बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. मात्र पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याची.

संध्याकाळी सात

वायू बंद होतो. दिवा अजून तासभर आहे, पण आंबुलीचे शेंडे मिटायला लागलेत, रोटालाही पानं वर उचलून घेते. दिवा मालवायची वाट त्या बघत नाहीत, त्यांचं घड्याळ त्यांच्यात आहे. म्हणूनच सगळं टायमरवर असावं. माणसाच्या सोयीनं कधी सातला तर कधी अकराला दिवा लावला तर मासे बिचकतात आणि झाडं रखडतात.

शेजारचा सातवीतला मुलगा बरणी घेऊन आला आहे. "काकू, मासे कधी देणार?" त्याला सकाळच्या छाटणीतले रोटालाचे शेंडे आणि व्हॅलिस्नेरियाची पोरं बाजूला काढून ठेवलीत. गोल भांड्यात मासा ठेवू नकोस, बाबांना निदान दोन फुटी काच आणायला सांग, खाली माती, वर वाळूचा थर, आणि ही झाडं आधी लाव, एवढं सांगून पाठवते. मासे त्याला मिळतील, पण झाडांना नवी पानं फुटलेली मला दाखवल्यावर.

रात्री साडेदहा

दिवा आठलाच गेला. आता टॉर्चवर लाल कागद लावून बघायचं, पांढऱ्या झोतानं मासे दचकतात. डॅनिओ खाली स्थिर आहेत. चेरी श्रिंप लाकडावर पसरल्यात, दोघींच्या पोटाखाली अंडी आहेत. यांच्यामुळेच मी टँकमध्ये तांबं असलेलं कुठलंही औषध घालत नाही. गोगलगायी काचेवर निघाल्यात. त्यांना उपद्रव मानून चिरडणारे पुष्कळ आहेत, मी नाही. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं १८५०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्हॅलिस्नेरिया होती, दोन गोल्डफिश होते, आणि व्हॅलिस्नेरियाची कुजकी पानं पाणी नासवायला लागल्यावर ती खायला त्यानं गोगलगायी घातल्या तेव्हा कुठे सगळं जमलं. गोगलगायी फार वाढल्या तर खाणं जास्त पडतंय असं समजून ते कमी करायचं.

एअर पंप चालू. वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप शेजारीच ठेवलेला असतो, उन्हाळ्यात तो लागतोच. वहीत नोंद: तापमान सकाळी २९, दुपारी ३०, डावा कोपरा बघायचा, मे संपेपर्यंत दिवा अर्धा तास कमी, सिलिंडर हलका लागतोय, शनिवारच्या आत भरून आणायचा.